बोर्डावर पासष्ट पदार्थ, कढई मात्र एकच

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की तुमच्या कॉलेजात खायला काय मिळतं, कसं मिळतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की या महिन्यात बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत, केस गळण्यावालं पुढच्या महिन्यात नक्की घेते. कॉलेजांची नावं ज्यांनी लिहिली होती ती मी काढलीयेत. एकाचं नाव छापलं की ते रुसणार आणि बाकीचे गालात हसणार, आणि खरं सांगायचं तर सगळीकडचं रडगाणं सारखंच आहे.

ताई, मी नाशिकला आडगाव साइडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला आहे. आमच्या कँटीनच्या बोर्डावर पासष्ट आयटम आहेत, एका बोअर लेक्चरला बसून मोजलेत. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, फ्रँकी, सगळं आहे पण काहीही घ्या चव तीच. पनीर मसाला आणि व्हेज कोल्हापुरी डोळे मिटून खाल्लं तर फरक कळत नाही. गेटबाहेर हायवे, दुसरा ऑप्शनच नाही. कॉलेज रोडवाल्यांची मजा आहे. आमच्याकडे व्हरायटी वाढवायला कुणाला सांगायचं?

अरे व्हरायटी वाढवायला सांगूच नकोस, कमी करायला सांग. पासष्ट आयटम आहेत म्हणूनच चव एक आहे. सकाळी कांदा-टोमॅटोची एक मोठी लाल ग्रेव्ही शिजते, तिच्यात साय घातली की मखनी, तिखट वाढवलं की कोल्हापुरी, पनीरचे चार तुकडे टाकले की पनीर मसाला. दुसरीकडे शेजवान चटणीचा डबा, तो डोशात जातो, फ्रँकीत जातो, सँडविचला पण फासतात. आणि खाली पाया काय तर मैदा, बटाटा नाहीतर कोबी. तुझी ब्रेक वीस मिनिटांची, समोर दोनतीनशे पोरं उभी, त्यात प्रत्येक प्लेट दोन मिनिटांत बाहेर पडायची असेल तर दुसरं काही जमतच नाही, कुणीही केलं तरी. शिवाय पासष्टातले वीसच खपतात, उरलेल्यांचं सामान फ्रीजमध्ये दिवस काढतं आणि मग एखाद्या दिवशी तुझ्या ताटात येतं.

मला याचं जास्त वाईट वाटतं की आपण राहतो कुठे बघ. लासलगावचा कांदा, गिरणारेचा टोमॅटो, थंडीत मेथी-पालकाच्या जुड्या स्वस्त होऊन लोळत असतात, आणि पोरांच्या ताटात बाराही महिने बटाटा. याला आळस म्हणू नकोस, त्याच्यामागे हिशोब आहे. बटाटा कुकरला लावला की झालं, मेथी निवडायला माणूस बसवावा लागतो आणि त्या माणसाचा पगार कुणी धरलेलाच नसतो. कांदा महागला की तर भज्यांत पण गुपचूप कोबी शिरतो, ते तू खाल्लं असशीलच.

तर मागायचं काय ते नीट ठरवा. बारा-पंधरा आयटम रोजचे, आणि एक थाळी जी रोज बदलते. सोमवारी मटकी, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी चवळी, एखाद्या दिवशी पिठलं-भाकरी, असा वारावार लेखी मेन्यू. हे कँटीन कमिटीकडे न्या, बहुतेक कॉलेजांत ती असते, कागदावर का होईना, आणि विद्यार्थी प्रतिनिधी नसेल तर आधी तोच मागा. नेताना युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिशनच्या पत्राचा उल्लेख करा. त्यांनी नोव्हेंबर 2016 मध्ये उच्च शिक्षण संस्थांना कँटीनमधून जंक फूड काढायला सांगितलं होतं आणि ऑगस्ट 2018 मध्ये परत आठवण करून दिली होती. प्रिन्सिपल लोकांना असा कागद पुढे ठेवला की जरा ऐकू येतं. टायमिंग पण बघा, काँट्रॅक्ट रिन्यू व्हायच्या आधी बोलायचं, सही झाल्यावर वर्षभर कुणी हलत नाही.

आणि प्लीज तो 'गुड, ॲव्हरेज, पुअर' टिक करायचा फॉर्म फिरवू नका. त्यात सगळे ॲव्हरेज लिहितात. त्यापेक्षा आठवडाभर दुपारी खरकट्याच्या बादलीपाशी उभं राहून बघा काय परत येतंय. भात अर्धा टाकलेला असेल तर भात कच्चा आहे, भाजी तशीच येत असेल तर ती भाजी मेन्यूतून काढा. बादलीचे फोटो दाखवले की मीटिंग लवकर संपते.

कॉलेज रोडवाल्यांचं म्हणशील तर त्यांची मजा वेगळ्या कारणाने आहे. गेटसमोर कुणी बरा पाववडा विकत असेल तर आतल्याला वाईट वडा विकताच येत नाही, पोरं रस्ता ओलांडून जातात. तुमच्याकडे समोर हायवे असल्याने तो धाक नाही, म्हणून तो धाक कमिटीलाच दाखवावा लागणार.

रोज सकाळी मिसळ खाल्ली तर चालेल का? कॉलेजला यायच्या आधी. गंगापूर रोड.

नाशिकमध्ये बसून याला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. मोड आलेली मटकी उत्तमच, वर लिंबू पिळ. रोज खायची तर तर्री कमी, फरसाण मूठभर, आणि एक्स्ट्रा पाव मागवायचा नाही, त्याच्याऐवजी एक्स्ट्रा मटकी माग. देतात, मागून बघ.

माझी मुलगी नाशिकला हॉस्टेलला आहे, आम्ही चांदवडचे. दिवाळीत घरी आली तर चेहरा पांढरा, हिमोग्लोबिन केलं तर साडेनऊ. मेसमध्ये दोन वेळचं जेवण आहे, वरण-भात-भाजी-पोळी सगळं असतं म्हणते. मग असं का? मी दर आठवड्याला गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय.

ताई, पहिलं काम डॉक्टर. बारीक फरक असता तर जेवणावर भागलं असतं, साडेनऊला गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरच सांगतील किती आणि किती दिवस. पाळी जास्त जातेय का हे पण विचारा, मुली आईलाही सांगत नाहीत. आणि तुमचीच मुलगी अशी आहे असं मनाला लावून घेऊ नका, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघालाय, 54 टक्के.

आता मेस. सगळं असतं म्हणते ते खरंच असेल, प्रश्न किती असतं हा आहे. वरणात डाळ किती आहे ते विचारा तिला. एका माणसामागे एका वेळेला 30 ग्रॅम कोरडी तूरडाळ शिजली तर त्यातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, म्हणजे शंभर मुलींच्या मेसमध्ये एका वेळेला तीन किलो डाळ पडायला पाहिजे. तेवढी पडते का हे स्वयंपाकघरात डोकावून बघणारी एक रेक्टर असली की पुरे. 55 किलोच्या मुलीला दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रोटीन लागतं, त्यामुळे ज्या वरणात वाटीचा तळ दिसतो ते खाऊन पोट भरतं पण अंगी काही लागत नाही.

लोहाचं गणित अजून अवघड. मोठ्या बाईला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला 19. म्हणजे मुलांच्या मेसमध्ये जे ताट पुरतं ते मुलींच्या मेसमध्ये पुरत नाही, पण टेंडर काढताना दोघांना एकच मेन्यू. लाडू पाठवा, शेंगदाण्यासाठी पाठवा, पण गुळाने रक्त वाढतं या भरवशावर राहू नका, एका लाडवातल्या गुळात लोह अगदी थोडं येतं. बाजरी, मटकी, हरभरा, पालेभाजी यातून जास्त येतं, आणि ते अंगात मुरायला सोबत लिंबू, पेरू, आवळा असं काहीतरी आंबट. सगळ्यात सोपी गोष्ट, जेवणानंतर लगेचचा चहा बंद. चहातली टॅनिन लोह अडवतात, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको असं आयसीएमआरवाले पण सांगतात. हॉस्टेलच्या मुली नाश्ता बुडवतात आणि चहा-खारीवर दुपार काढतात, तुमची पण काढत असणार, विचारा फक्त, रागावू नका.

कँटीनमध्ये तळायचं तेल काळंकुट्ट झालेलं असतं, सकाळच्या वड्यांचं तेल संध्याकाळच्या भज्यांना. तक्रार केली तर नाव बाहेर येईल आणि इंटर्नलचे मार्क जातील अशी भीती वाटते. काय करू शकतो?

नुसत्या काळ्या रंगावरून सिद्ध काही होत नाही, मसाल्याच्या वड्यांनी ताजं तेल पण काळपट होतं. फेस येतोय का, तापायच्या आधीच धूर निघतोय का, चमच्यावरून चिकट ओघळतंय का ते बघ. नियम असा आहे की तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवल्यावर तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, जुलै 2018 पासून हा नियम आहे, आणि ते मोजायचं छोटं मशीन अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे असतं. तुझ्या डोळ्यांपेक्षा त्या मशीनवर विसंबलेलं बरं.

तक्रारीआधी भिंतीकडे बघ. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन, 14 अंकी नंबर, दिसेल असं लावलेलं पाहिजे. नसेल तर तेलाबिलाचं राहू दे, आधी हाच मुद्दा धर, कारण यात वादाला जागाच नाही. काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा मेडिकल व्हायला लागते, ते सर्टिफिकेट पण कमिटीने मागायचं असतं. बाहेर तक्रार करायची तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲप आहे, नाहीतर महाराष्ट्र एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) टोल फ्री 1800-222-365. तारीख, वेळ, पदार्थ, फोटो एवढं द्या.

मार्कांची भीती मला समजते, ती खोटी नाहीये. म्हणून एकट्याने काही करायचं नाही, पन्नास सह्यांचं पत्र द्यायचं आणि सह्या गोलात करायच्या म्हणजे पहिली कुणाची ते कळत नाही. जुनी युक्ती आहे, अजून चालते.

मी एका कॉलेजात शिकवतो आणि कँटीन कमिटीवर आहे. उकडलेली अंडी आणि ऑम्लेट सुरू करायचा प्रस्ताव आला तर दोन मीटिंग नुसत्या भांडणात गेल्या. तुमचं मत?

सर, माझं मत सुरू करा. इतक्या कमी पैशात सहा ग्रॅम चांगलं प्रोटीन कँटीनमधलं दुसरं काही देत नाही, आणि संध्याकाळी अंडाभुर्जीच्या गाडीवर तुमचीच मुलं उभी असतात, काही सर पण. जे खात नाहीत त्यांचा मान ठेवायचा तर तवा वेगळा, उलथनं वेगळं, काउंटर शक्य असेल तर दुसऱ्या टोकाला. एवढं केलं की भांडण निम्मं मिटतं.

पण त्याच मीटिंगमध्ये जैन मुलांचं पण बोला. बोर्डावर 'जैन मिळेल' लिहिलेलं असतं आणि ग्रेव्ही सकाळीच कांदा घालून झालेली असते, मग त्या मुलाला टोस्ट सँडविच सोडून काय मिळणार? आणि त्यातला बटाटा पण काढायला लावावा लागतो.

मी सुरगाण्याचा, नाशिकला आदिवासी मुलांच्या शासकीय वसतिगृहात राहतो. मेस नाही, जेवणाचे पैसे खात्यात येतात पण कधी वेळेवर कधी उशिरा. रूमवर शिजवायची परवानगी नाही. बाहेरचा डबा लावलाय तो रोज बटाटा आणि मैद्याच्या पोळ्या. कॉलेज कँटीन परवडत नाही. काहीतरी सुचवा ताई.

भावा, हे दुखणं जुनं आहे. 2018 मध्ये मेस बंद करून थेट खात्यात पैसे देण्याच्या विरोधात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले होते, कारण आदिवासी विकास आयुक्तालय इथेच आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं, आम्हाला ताट द्या. काहींना पैसेच बरे वाटतात, आपल्या मनाचं खाता येतं म्हणून, तेही खोटं नाही. पण पैसे उशिरा आले की डबेवाली मावशी काही थांबत नाही, तिला तिचा किराणा भरायचाच असतो. उशिराची तक्रार गृहपालांकडे तोंडी करू नको, लेखी दे आणि पोच घे, प्रत्येक महिन्याची वेगळी.

डब्याचं असं कर, तुम्ही आठदहा जण एकाच मावशीकडे जा. एकट्याचं ती ऐकणार नाही, दहा डबे हातचे जाऊ देणार नाही. त्या बदल्यात दोनच गोष्टी मागा, आठवड्यात तीनदा उसळ आणि पोळी गव्हाची. आणि घरून येताना नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ आणायला लाजू नको, मावशीला भाकरी करून द्यायला सांग, भाकरीमागे काय घेईल ते आधीच ठरवून. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. शहरात आता तिचीच बिस्किटं करून महागात विकतात आणि आपली पोरं रूमवर लपवून खातात. सोबत खुरासणीची (कारळ्याची) चटणी आण, ती टिकते. भाजलेले हरभरे-शेंगदाणे रूमवर ठेव, त्यांना शिजवायची परवानगी लागत नाही.

आणि तुझ्या गावाकडून पुढच्या वर्षी कुणी येणार असेल आणि हॉस्टेलला नंबर लागला नाही तर त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेचा फॉर्म भरायला सांग, राहणं-जेवण दोन्हीसाठी मदत मिळते त्यात.

मी कँटीन चालवतो. सगळे आम्हालाच शिव्या देतात म्हणून लिहितोय. भाडं कॉलेजला दर महिन्याला, डिपॉझिट वेगळं, लाईट बिल वेगळं. वडापावचा रेट तीन वर्षांपूर्वी ठरला तो तसाच. सिलेंडर कमर्शियल 19 किलोचाच घ्यायला लागतो. दिवाळी, उन्हाळा, परीक्षा धरून धंदा वर्षातले सात-आठ महिने. पोरं एक कटिंग घेऊन दोन तास बसतात. स्टाफरूमच्या चहाचं बिल तर विचारूच नका. तेल रोज कुठून बदलू? आणि रोज भात उरतो, त्याचं काय करायचं तेही सांगा.

भाऊ, बरं झालं लिहिलंत, वरचे सगळे प्रश्न तुमच्याशिवाय अर्धेच होते. जो जास्त भाडं देईल त्याला कँटीन द्यायचं आणि रेट मात्र गोठवून टाकायचे, हे दोन्ही एकदम केलं की मधला पैसा डाळीतून आणि तेलातूनच निघणार, दुसरीकडून निघायला जागाच नाही. कॉलेजने कँटीनकडे भाड्याचं उत्पन्न म्हणून बघणं आधी सोडलं पाहिजे. भाडं नाममात्र, सुट्ट्यांच्या महिन्यांत माफ, रेट दर वर्षी किराण्याच्या भावाप्रमाणे बदलणार, आणि बदल्यात करारात डाळ किती ग्रॅम, पोळीचं वजन किती, तेल कधी टाकणार हे लिहिलेलं. तुम्हाला हे जाचक वाटेल पण यात तुमचाच फायदा आहे, उद्या कुणी बोट दाखवलं तर तुम्ही कागद दाखवाल. सध्या तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.

तेल रोज पूर्ण बदलू नका, ते परवडणार नाही हे मला मान्य आहे. पण दिवसाच्या शेवटी गाळून झाकून ठेवा, जळका चुरा त्यात राहिला की दुसऱ्या दिवशी तेल लवकर खराब होतं. जुन्यात नवं ओतत राहायची सवय मात्र सोडा, त्याने नवं पण वाया जातं. वापरलेलं तेल नाल्यात टाकू नका, बायोडिझेलसाठी गोळा करणारे आहेत, पैसे देऊन नेतात.

स्टाफरूमच्या चहाचं बिल लेखी प्राचार्यांना द्या, दर महिन्याच्या एक तारखेला. तोंडी मागितलं की सगळे हसतात.

भात उरतो तो मुळात अंदाज नसल्यामुळे. थाळीची कुपनं आदल्या संध्याकाळपर्यंत विका, दोन रुपये कमी करून विका हवं तर, म्हणजे सकाळी किती तांदूळ धुवायचा ते कळेल. तरीही उरला तर रात्रभर पातेल्यात बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी फ्राइड राइस करायचा नाही. भातात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सिरियस म्हणतात त्याला, ते शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि जे विष तयार करतात ते परत परतून घेतलं तरी जात नाही. मग चार पोरं उलट्या करतात आणि नाव तुमच्या चटणीवर येतं. उरलेला भात लगेच पसरट ताटांत उथळ पसरवा, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, पाच डिग्रीच्या खाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. ज्या दिवशी फ्रीजमध्ये जागा नसेल त्या दिवशी टाकून द्या, आणि वहीत लिहून ठेवा किती टाकला, म्हणजे पुढच्या करारात भाड्याचं बोलताना ती वही कामाला येईल.